मोठ्यांचे काम मोठ्यांनीच करावे

नवरा-बायकोचे बिनसले, संसार मोडला, की चाळीत आणि वस्तीत चर्चा सुरू होते ती चूक कोणाची याची. नवऱ्याने दुसरी केली, की बायकोच तोंडाची फटकळ होती? सासू नडली की दारू नडली? नातेवाईक दोन बाजूंना वाटले जातात. बैठका बसतात. पंच मंडळी चहा पिऊन निघून जातात. कधी फारकतीचा कागद होतो, कधी तोही होत नाही. या सगळ्या गलक्यात घराच्या कोपऱ्यात एखादे पोर पुस्तक उघडून बसलेले असते. त्याला कोणी काही विचारत नाही. पण ते सगळे ऐकत असते, आणि मनातल्या मनात एक निकाल लावून मोकळे होते : हे सारे माझ्यामुळेच झाले.

अशा पोरांची गोष्ट सांगणारा एक जपानी चित्रपट आहे. जपानीत त्याचे नाव 'उमिमाची डायरी', म्हणजे समुद्रकाठच्या गावाची रोजनिशी. इंग्रजीत तो 'अवर लिटल सिस्टर' म्हणजे 'आमची धाकटी बहीण' या नावाने ओळखला जातो. 2015 साली तो कान येथील महोत्सवाच्या स्पर्धेत दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी जपानच्या चित्रपट अकादमीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला. दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदा. अकिमी योशिदा या लेखिकेच्या चित्रकथेवरून त्यांनी तो बेतला आहे.

जपान म्हटले की आपल्या लोकांना नागपूरचे भदन्त सुरई ससाई आठवतात. जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने 1999 साली कामठीला उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार आठवते. पण त्या देशातली साधी माणसे, रात्रपाळी करणारी नर्स, बँकेतली कारकून, दुकानातली विक्रेती, घरात कशी राहतात, कशावरून भांडतात आणि पुन्हा एका ताटावर कशी बसतात, हे आपल्याला कुठे ठाऊक असते? हा चित्रपट पाहिला की वाटते, अरे, हे तर आपल्याच घरातले आहे.

गोष्ट घडते कामाकुरा या गावात. टोकियोपासून साधारण पन्नास किलोमीटरवर, समुद्राच्या काठी वसलेले हे जुने गाव. तेराव्या शतकातली अमिताभ बुद्धांची प्रचंड कांस्यमूर्ती इथे उघड्या आभाळाखाली ध्यानस्थ बसलेली आहे, तिच्यामुळे गावाचे नाव जगभर झाले. या गावात एका जुन्या लाकडी घरात तीन बहिणी राहतात. थोरली साची रुग्णालयात नर्स आहे. मधली योशिनो बँकेत आहे. धाकटी चिका खेळाच्या सामानाच्या दुकानात काम करते. घरात आई नाही, बाप नाही. पंधरा वर्षांपूर्वी बापाने दुसऱ्या बाईसाठी घर सोडले. पुढे आईनेही दुसरे लग्न केले आणि मुलींना आजीच्या पदरात टाकून ती दूर निघून गेली. आजीने वाढवले, पण आजीही गेली. तेव्हापासून घराची आई साचीच. लहानपणीच तिने कमरेला ओचा खोचला तो आजतागायत सोडलेला नाही. धाकट्यांना रागावणे, जेवणात भाजी किती खाल्ली हे बघणे, घर झाडणे, दाराचे फाटलेले कागद बदलणे, सगळे तिच्याकडे.

एके दिवशी बातमी येते, की बाप वारला. दूर उत्तरेकडे यामागाता भागातल्या एका लहान गावात. ज्या बाईसाठी त्याने घर सोडले ती आधीच वारली होती. त्यानंतर त्याने तिसरे लग्न केले होते. मधल्या बाईपासून झालेली एक मुलगी आहे, सुझू. शाळेत जाणारी. म्हणजे या तिघींची सावत्र बहीण. आजवर एकमेकींचे तोंड पाहिलेले नाही.

अंत्यविधीला आधी दोघी धाकट्या जातात. साची रात्रपाळी करून मागाहून पोहोचते. तिथे जो प्रसंग घडतो त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. जपानी रिवाजाप्रमाणे घरच्या माणसाने जमलेल्या लोकांपुढे उभे राहून चार शब्द बोलायचे असतात. तिसरी बायको रडून रडून खचलेली आहे, ती म्हणते माझ्याने होणार नाही. मग नातेवाईक म्हणू लागतात, सुझू बोलेल की, पोरगी मोठी शहाणी आहे. सुझू मुकाट्याने तयारही होते. बापाच्या आजारपणात तिनेच सगळे केलेले असते, आता हेही करायचे.

इतक्यात साची मध्ये बोलते. आवाज चढवत नाही. ती एवढेच सांगते, की हे मोठ्यांचे काम आहे, ते मुलांवर टाकता कामा नये. तिसऱ्या बायकोला मान खाली घालून उभे राहावेच लागते. सुझू मात्र पहिल्यांदाच मान वर करून या अनोळखी बाईकडे बघते. तिच्या बाजूने बोलणारे कोणी आहे, हे तिला त्या क्षणी कळते.

आणि साचीला हे का सुचले? कारण तिच्या वेळेला असे बोलणारे कोणी नव्हते. जे तिच्यावर पडले ते तिने उचलले. पंधरा वर्षे उचलून धरलेले ओझे कसे असते हे जिला ठाऊक, तिलाच दुसऱ्याच्या खांद्यावरचे दिसते.

विधी आटोपून तिघी परतायला निघतात तेव्हा सुझू धावत येते. बापाने जपून ठेवलेले जुने फोटो ती त्यांच्या हाती देते. त्या फोटोंत या तिघीच असतात, लहानपणीच्या. मग साची तिला विचारते, या गावात तुझी आवडती जागा कोणती? सुझू त्यांना टेकडीवर नेते. बापाबरोबर ती इथे यायची. वरून जे दिसते ते पाहून तिघी चकित होतात. अगदी कामाकुरासारखे! म्हणजे घर सोडून गेलेला माणूसही इथे उभा राहून आपले जुने गावच शोधत होता. साची त्या पोरीला म्हणते, बाबांची सेवा तूच केलीस ना? आणि तिचे आभार मानते. ते ऐकून सुझूचा इतका वेळ धरलेला बांध फुटतो.

स्टेशनात गाडी सुटायच्या वेळेला साची विचारते, आमच्याकडे राहायला येतेस का? दारे बंद होता होता उत्तर येते, येते.

येथे एखादा दुसरा दिग्दर्शक चित्रपट संपवून मोकळा झाला असता. कोरे-एदा येथून सुरुवात करतात. कारण घरात घेणे सोपे, घरातले करून घेणे अवघड.

मुलींची मोठी मावशी-आजी लगेच हजर होते. (तिचे काम किरिन किकी या ज्येष्ठ अभिनेत्रीने इतके सहज केले आहे, की आपल्याच वस्तीतली एखादी म्हातारी वाटावी.) ती म्हणते, अगं, पोर वाढवणे म्हणजे कुत्रे-मांजर पाळणे नव्हे. आणि जिने तुमच्या आईचा संसार मोडला तिची ही लेक! वाचकहो, हे वाक्य जपानचे आहे म्हणून सोडून देऊ नका. 'तिची लेक' हा शब्द आपल्याही आयाबायांच्या तोंडात असतो. सावत्र भावंडाला एका ताटात बसवायचे की नाही, लग्नपत्रिकेत त्याचे नाव घालायचे की नाही, यावरून आपल्याकडेही भाऊबंदकी पेटते.

साची ऐकून घेते आणि सुझूला घेऊन येतेच. मग सुरू होते रोजचे जिणे. हा चित्रपट दोन तासांहून थोडा मोठा आहे आणि त्यात मारामारी नाही, खलनायक नाही, खिशातून पिस्तूल निघत नाही. आहे ते एवढेच : न्हाणीघरात किडा निघाला म्हणून आरडाओरडा. बहिणीने न विचारता दुसरीचा सदरा घातला म्हणून भांडण. सुझूचा शाळेतला फुटबॉल. अंगणातल्या आलुबुखारासारख्या उमे फळाच्या झाडावरची फळे काढणे, ती धुऊन त्यांना टोचे मारणे आणि खडीसाखरेबरोबर दारूत मुरत घालणे. आजी करायची तशीच. (दारूबंदीसाठी मोर्चे काढणाऱ्या आपल्या भगिनींना हे खटकेल. पण तिथे ती लोणच्यासारखी घरोघर मुरवायची वस्तू आहे, एवढे ध्यानात घेऊन पुढे पाहावे.) घराच्या खांबावर मुलींची उंची मोजून काढलेल्या रेघा आहेत. दर वर्षाची एक रेघ. सुझू आल्यावर तिचीही रेघ त्याच खांबावर काढली जाते. माझ्या मते सुझू घरची झाली हे सांगायला दिग्दर्शकाला याहून मोठ्या प्रसंगाची गरज वाटली नाही, आणि तेच बरोबर आहे.

कोरे-एदा यांचा जन्म 1962 सालचा. सुरुवातीला ते दूरचित्रवाणीसाठी माहितीपट करीत. समोर जे घडते ते न ढवळता बघायचे, ही सवय त्यांना तिथे लागली असावी. मोडलेली घरे आणि त्यातली मुले हा विषय त्यांनी पुन्हा पुन्हा हाताळला आहे. 2004 सालच्या 'नोबडी नोज' मध्ये आईने टाकून दिलेली चार भावंडे आहेत. 2013 सालच्या 'लाइक फादर, लाइक सन' मध्ये रुग्णालयात अदलाबदल झालेली मुले आहेत. 2018 साली कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या 'शॉपलिफ्टर्स' मध्ये रक्ताचे नाते नसलेली गरीब माणसे एका खोपटात कुटुंब होऊन राहतात. रक्ताने कुटुंब होते की राहण्याने, हा त्यांचा जुना प्रश्न आहे.

'आमची धाकटी बहीण' मध्ये या प्रश्नाला एक काटा आहे. तो सुझूच्या मनात रुतलेला आहे. घरात सगळे तिला जीव लावतात, पण ती बापाविषयी एक शब्द बोलत नाही. गावातल्या एका खानावळीत शिरासू नावाची नखाएवढी पांढरी मासळी पावावर घालून देतात. सुझूला ती चव आधीपासून माहीत असते, बाबा तिला तसेच करून घालायचे. पण बहिणींपुढे ती हे सांगत नाही. का? कारण तो बाप तिला मिळाला म्हणजे या तिघींचा गेला. बाबांनी मला खाऊ घातले असे म्हणणे म्हणजे तुमच्या ताटातले मी खाल्ले असे म्हणण्यासारखे. धाकट्या चिकाला तर बापाचा चेहराही धड आठवत नाही. एवढ्या लहान वयात ही पोरगी हा हिशेब मांडून बसली आहे, आणि घरातल्या कोणालाही त्याचा पत्ता नाही.

मग आजीच्या स्मृतिदिनाचा दिवस येतो. आपल्याकडे पुण्यानुमोदनाला जसे सगळे नातेवाईक जमतात, तशी जपानी बौद्धांत मृत्यूनंतर ठरावीक वर्षांनी मंडळी जमतात, भिक्खू सूत्रपठण करतात. या कार्याला कितीतरी वर्षांनी मुलींची आई येते. सगळे नीट चाललेले असते. आणि बोलता बोलता आई म्हणून जाते, की आता हे घर विकून टाकावे. साचीचा संयम सुटतो. तू आम्हाला टाकून गेलीस, या घराचा सांभाळ आम्ही केला, तुला बोलायचा अधिकार काय? आई उलट म्हणते, मी का गेले? तुमच्या बापाने दुसरी बाई केली म्हणून. साची म्हणते, तुझे नेहमी असेच, दोष कायम दुसऱ्याचा.

भांडण दोघींचे, पण बाजूला सुझू बसली आहे. 'दुसरी बाई' म्हणजे तिची आई. तिच्या समोर तिच्या मेलेल्या आईचा पंचनामा चालू आहे आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. साचीच्याही नाही. अंत्यविधीच्या दिवशी मुलांवर ओझे टाकू नका म्हणणारी साची रागाच्या भरात तेच करून बसते. दिग्दर्शक प्रामाणिक आहे. त्याने आपल्या नायिकेला देव्हाऱ्यात बसवलेले नाही.

त्यानंतर सुझू साचीकडे माफी मागते. स्वतःची नाही, आईची. बायको असलेल्या माणसावर प्रेम करणे वाईटच, माझ्या आईचे चुकलेच, असे ती म्हणते.

ही माफी ऐकणाऱ्याच्या काळजाला का भिडते हे समजायला साचीचे गुपित माहीत असावे लागते. साची स्वतः रुग्णालयातल्या एका विवाहित डॉक्टरच्या प्रेमात आहे. त्याची बायको मनाने आजारी आहे आणि ती वेगळी राहते. पण संसार मोडलेला नाही. म्हणजे ज्या बाईला साचीने पंधरा वर्षे मनात शिव्या घातल्या, त्याच बाईच्या जागी ती स्वतः उभी आहे. आणि त्या बाईची लेक समोर बसून सांगते आहे, की असे करणे वाईट.

साची काय करते? ती आपली बाजू मांडत नाही, सुझूच्या आईची निंदाही करीत नाही. उलट तिचीच क्षमा मागते. आम्ही तुला दुखावले, म्हणते. आणि सांगते, की जे झाले तो कोणाचाच दोष नव्हता.

हे शेवटचे वाक्य काहींना पटणार नाही. बापाने तीन लेकरे सोडली, त्याचा दोष नाही? असे विचारणारे विचारतील, आणि त्यांचे चूकही नाही. बायको-पोरांना वाऱ्यावर सोडणाऱ्या पुरुषाला जाब विचारलाच पाहिजे. पण साची तो न्यायनिवाडा करीत नव्हती. समोर एक पोरगी होती, जी मेलेल्या आईच्या वतीने कबुलीजबाब देत होती. त्या पोरीला मोकळे करायचे होते. कोर्टात खटला चालवणे वेगळे आणि लेकराच्या डोक्यावरचा भारा उतरवून ठेवणे वेगळे. आपण बहुतेक वेळा पहिले करण्याच्या नादात दुसरे विसरतो.

पुढे डॉक्टर अमेरिकेला जायला निघतो, तू बरोबर ये म्हणतो. साची नकार देते. तिला रुग्णालयात मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांच्या विभागात काम करायचे आहे. चित्रपट यावर काही प्रवचन देत नाही. तिने त्याग केला म्हणून बासरी वाजत नाही. ज्याचे त्याने ठरवले, एवढेच.

आईचेही तसेच. भांडणानंतर साची आणि आई दोघीच आजीच्या समाधीवर जातात. तिथे आईकडून कळते, की तीही याच घरात आपल्या आईच्या धाकाखाली वाढली होती आणि तिला इथून सुटायचे होते. मुलींच्या दृष्टीने ती टाकून गेलेली आई. स्वतःच्या दृष्टीने पळून सुटलेली मुलगी. साची घरी धावत जाते आणि आजीच्या हातच्या मुरांब्यातली, म्हणजे त्या उमेच्या दारूतली, उरलेली शेवटची बाटली आणून आईच्या हाती देते. माफ केले असे कोणी कोणाला म्हणत नाही. एक बाटली या हातातून त्या हातात जाते.

सुझूचे काय? ती शाळेतल्या एका मित्राशी बोलताना सांगून जाते, की मी नुसती असले तरी कोणाला तरी त्रास होतो. जन्माला येणे हाच ज्या मुलाला आपला गुन्हा वाटतो, त्याला खाऊ-पिऊ, कपडे-लत्ते देऊन काय भागणार? शेवटी साचीच तिला गावाजवळच्या टेकडीवर नेते, जिथे बाप पूर्वी साचीला न्यायचा. इथे दोघी समुद्राकडे तोंड करून ओरडतात. बाबा मूर्ख होते! आई मूर्ख आहे! मग सुझू रडत म्हणते, की मला आईजवळ आणखी राहायचे होते. साची तिला मिठीत घेऊन सांगते, आता आईविषयी बोलत जा, आणि तू इथेच राहायचे, कायमचे.

बस्स. पोरीला एवढेच हवे होते. मेलेल्या आईविषयी त्या घरात उघडपणे बोलायची परवानगी.

आता थोडे कायद्याचे. जपानमध्ये घटस्फोटानंतर मुलांचा ताबा आई किंवा बाप यांपैकी एकाकडेच देण्याची पद्धत अनेक दशके होती. त्यामुळे एकदा घर सोडलेला बाप मुलांच्या आयुष्यातून पार पुसला जाणे ही तिथे नवलाची गोष्ट नव्हती. दोघांकडे मिळून ताबा देता यावा यासाठी तेथील संसदेने 2024 साली कायद्यात बदल केला. तसेच लग्नाशिवाय झालेल्या मुलाला वारसाहक्कात निम्माच वाटा मिळे. 2013 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे राज्यघटनेच्या विरुद्ध ठरवले आणि त्याच वर्षी कायदा बदलला. सुझूच्या आई-बापांचे लग्न झालेले होते, तिला ही अडचण नव्हती. पण मूल कोणाच्या पोटी, कसे जन्मले यावर त्याची किंमत ठरवण्याची वृत्ती पुढारलेल्या देशातही किती खोल असते, हे यावरून दिसते.

आपल्याकडे हिंदू विवाह कायदा 1955 हा बौद्धांनाही लागू आहे. पहिली बायको हयात असताना आणि घटस्फोट झालेला नसताना केलेले दुसरे लग्न या कायद्याने रद्दबातल ठरते. पण त्या लग्नातून झालेले मूल मात्र कलम 16 प्रमाणे औरसच धरले जाते. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अशा मुलाला आई-बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत तर हक्क आहेच, शिवाय वडिलोपार्जित मिळकतीत आई-बापाच्या वाट्याला जो हिस्सा येईल त्यातही हक्क आहे. लग्न बेकायदा असू शकते, मूल बेकायदा नसते, असा याचा सरळ अर्थ. कायद्याला जे कळले ते आपल्या नातेवाइकांना कळायला हवे.

चित्रपटात उणे नाही असे नाही. तिघी बहिणींना राहायला आजीचे ऐसपैस घर आहे, अंगण आहे, तिघींनाही पगार आहे. दहा बाय दहाच्या खोलीत, भाड्याची तारीख चुकवत, चौथे तोंड घरात घेताना आपल्या एखाद्या साचीला काय वाटेल, याची कल्पना या चित्रपटातून येत नाही. बापाच्या तिसऱ्या बायकोला तर दिग्दर्शकाने दोन प्रसंगांत दुबळी ठरवून बाजूला केले. तिचेही काही म्हणणे असेल. आणि गेलेला बाप शेवटपर्यंत नुसता भला पण नालायक माणूस म्हणून सुटून जातो. तो हयात असता आणि दारात येऊन उभा राहिला असता, तर या शांत चित्रपटाची शांतता टिकली असती का, हा प्रश्न मनात राहतोच.

पण एक गोष्ट हा चित्रपट नीट दाखवतो, आणि ती आपल्या घरांसाठी फार मोलाची आहे. ती थोरल्या मुलीविषयी. आपल्याकडे आई कामावर जाते, बाप असून नसल्यासारखा असतो आणि इयत्ता सहावीतली पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन नळाच्या रांगेत उभी असते. आपण कौतुकाने म्हणतो, आमची ताई म्हणजे दुसरी आईच. ते कौतुक खरे, पण त्या कौतुकाखाली एका मुलीचे बालपण दडपले जाते. साची आणि सुझू यांच्यात वयाचे मोठे अंतर आहे, बाप एक असला तरी आया वेगळ्या आहेत. तरी दोघी एकाच कारखान्यातून निघालेल्या आहेत : मोठ्यांनी टाकलेले काम वेळेआधी उचललेल्या मुली. साचीने सुझूला घरी आणले ते दयेपोटी नव्हे. तिच्यात तिने स्वतःला ओळखले. सुझूला मूल होऊ देता देता साचीलाही आपले हरवलेले थोडेसे परत मिळते. समुद्राकडे तोंड करून ओरडणारी साची तेव्हा कर्तीसवरती नर्स नसते, रुसलेली शाळकरी मुलगी असते.

म्हणून घरात असा प्रसंग आलाच, आणि तो कोणावरही येऊ शकतो, तर काही गोष्टी पाळता येतील. नवरा-बायकोच्या भांडणात मुलाला साक्षीदार करू नये. 'सांग तुझ्या बापाला' आणि 'विचार तुझ्या आईला' असे निरोप मुलाच्या हाती देऊ नयेत. बैठक बसली तर मुलांना आधी शेजारी पाठवावे, नंतर नव्हे. जो निघून गेला किंवा वारला त्याच्याविषयी मुलाला बोलू द्यावे, त्याचा फोटो फाडून टाकू नये. सावत्र असेल तर त्याला शब्दाने सावत्र म्हणू नये. थोरल्या मुलीला अधूनमधून विचारावे, बाई, तुला काय हवे? आणि मुलाला एकदा तरी तोंडाने स्पष्ट सांगावे, की यात तुझा काही दोष नाही. आपल्याला वाटते, हे सांगायचे काय, त्याला समजतेच. समजत नाही. सुझूलाही समजले नव्हते.

चित्रपटाच्या शेवटी चौघी एका ओळखीच्या बाईच्या अंत्यविधीहून परतताना समुद्रकाठी चालतात. काळे कपडे, पायाखाली ओली वाळू. साची म्हणते, आपले बाबा नालायक असतील, पण माणूस चांगला असावा. अशी बहीण ठेवून गेला. सुझू पुढे धावते आणि बाकीच्या तिघी तिच्या मागे.

घर पुरुषाने मोडले, बाईने मोडले, परिस्थितीने मोडले. उभे केले ते चार बहिणींनी. आणि त्याची सुरुवात झाली ती एका साध्या वाक्यापासून, जे आपल्या प्रत्येक घरात कोणीतरी वेळेवर बोलायला हवे : हे मोठ्यांचे काम आहे, मुलांवर टाकू नका.